एक जागा, दोन अर्ज

॥ श्री ॥
जालना, ३ जून २०२५

तीर्थस्वरूप आक्कांना तृप्तीचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येईनासं झाल्यापासून कागदच बरा. बातमी अशी की तुमचा भाऊ आणि मी, दोघांनाही मुलाखतीचं बोलावणं आलं आहे. कॉलेज परजिल्ह्यातलं. विषय भूगोल, जागा एक. एम.ए.ला आम्ही एका वर्गात होतो, सेट एकाच वर्षी पास झालो, पीएच.डी.ही दोघांची चालूच आहे. भारतची आठवडी बाजारांवर, माझी दुधना नदीकाठच्या विहिरींवर. आता मुलाखतही एकाच दिवशी.

तयारीनं डोकं उठलंय. तिथं दहा मिनिटांचा नमुना पाठ घ्यावा लागतो म्हणून संध्याकाळी मी लोखंडी कपाटावर खडूनं लिहून भारतला शिकवते, मंग तो मला. तो म्हणतो मी फार घाई करते, मी म्हणते तो पुटपुटतो. परवा त्या वादात वांग्याची भाजी करपली.

आष्टीहून सासूबाईंनी निरोप धाडला की नवरा-बायकोनं एकाच दारात कशाला उभं राहायचं, तृप्तीनं अर्ज मागं घ्यावा. त्यांचं मला एवढं लागलं न्हाई. पण भारत शेजारीच होता आणि काहीच बोलला न्हाई. तू ये म्हणत न्हाई, राहू दे म्हणत न्हाई, पुस्तक उघडून बसतो. मला त्याचाच राग येऊन राह्यलाय. मी काय करावं ते कळवा.

दाजींना नमस्कार. आहे तशी माया राहू द्यावी.

आपली,
तृप्ती


भोकरदन, ८ जून

चि. सौ. तृप्तीस दैवशालाचे अनेक आशीर्वाद.

कागद पावला. इकडं सगळे खुशाल. दाजींचा गुडघा तेवढा दुखून राह्यला, पण दुकान सोडून दवाखान्यात जाईनात.

बाई गं, ज्याला ऐकू येतं तो तुझ्या शेजारी बसलाय आणि तू विचारून राह्यलीस मला, बहिरीला. भारत माझा पाठचा भाऊ आहे. माझं मन त्याच्याकडं झुकणारच, हे आधीच सांगते. म्हणून माझा सल्ला घेऊ नको. त्यालाच बराबर समोर बसवून विचार. तरी न्हाई बोलला तर गप मुलाखतीला जा. अर्ज तू केलाय, आईनं न्हाई.

नवऱ्याला नावानं लिहितीस ते मला चालतं, आईपुढं जरा जपून. पाठ सावकाश घे. भाजी करपू देऊ नको.

तुझं बरं चिंतणारी,
आक्का


जालना, १९ जून

तीर्थस्वरूप आक्कांना सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितल्याप्रमाणं विचारलं. भारत म्हणाला, तुझं तू ठरव. मंग मी ठरवलं आणि गेले.

व्हरांड्यात वीस-पंचवीस जण फायली घेऊन बसले होते. भारतला आधी बोलावलं. बाहेर आला तेव्हा तो माझ्याकडं न बघता पाणी प्यायला निघून गेला. मला वाटलं, बिचाऱ्याचा पाठ बिघडला.

मी आत गेले तर टेबलावर आम्हा दोघांच्या फायली शेजारी-शेजारी ठेवलेल्या. विहिरींवर एक प्रश्न न्हाई. वेळ कमी आहे म्हणून पाठही न्हाई. मधले वयस्कर गृहस्थ म्हणाले की तुम्ही दोघं एका घरातले, कोणाला घ्यावं हे आम्ही तुमच्या मिस्टरांना विचारलं. ते म्हणाले, मला घ्या. ती दोन-तीन वर्षांत मुलाबाळांत अडकंल.

 आक्का, मी म्हणाले, "ते त्यांचं उत्तर झालं. माझा विषय विहिरी आहे, त्यावर विचारा."

त्यांनी घड्याळाकडं बघितलं, आणि इतक्या लांबून जाणं-येणं कसं करणार एवढंच विचारलं.

परत येताना बसमध्ये भारतनं विचारलं, कसा झाला इंटरव्ह्यू. मी सांगितलं, तू आत काय बोललास ते त्यांनी मला सांगितलं.  तो म्हणाला, भीती वाटली, तोंडातून गेलं.  मी त्याच्याशी अजून जेवायला वाढण्यापुरतंच बोलते.

हे तुम्हाला न लिहिता राहवलं न्हाई. राग मानू नये.

तृप्ती


भोकरदन, २५ जून

चि. सौ. तृप्तीस आशीर्वाद.

राग कशाचा, मला शरम वाटली. त्याला लिहायला कागद घेतल्ता, पण फाडला. मी लिहिलं तर तो मला उत्तर देईल आणि सुटंल. उत्तर त्यानं तुला द्यायला पाहिजे.

चार दिवस इकडं निघून ये म्हणावं वाटतं, पण येऊ नको. आलीस की अभ्यास बंद पडंल. दुसरी जाहिरात निघाली की अर्ज कर. आईला मी बरोबर समजावलं आहे, तिची काळजी करू नको.

तुझीही तेवढीच,
आक्का


जालना, ११ जुलै

तीर्थस्वरूप आक्कांना तृप्तीचा सा. न.

त्या कॉलेजात तिसऱ्याच कोणाची निवड झाली. लोक म्हणतात, त्याचं आधीच ठरल्तं. म्हणजे भारत ते बोलला आणि हाती काहीच लागलं न्हाई.

तुम्ही म्हणालात तसा मी दुसरीकडं अर्ज केला. भारतनंही केला, पण वेगळ्या कॉलेजात. का, ते मी विचारलं न्हाई.

काल मी कपाटावर खडूनं लिहून एकटीच पाठ म्हणत होते. भारत येऊन खाली सतरंजीवर बसला. आधी म्हणाला, मी तिथं जे बोललो ते खोटं होतं, आणि ते मला बोलताना माहीत होतं. मी पाठ थांबवला न्हाई. संपल्यावर त्यानं हात वर केला आणि विचारलं की पाऊस सारखाच पडला तरी शेजारच्या दोन विहिरींना पाणी कमीजास्त का लागतं. मी काळ्या पाषाणाचे थर काढले, त्यातल्या भेगा दाखवल्या, आणि पाणी भेगांतून कसं वळतं ते सावकाश सांगितलं. त्यानं लिहून घेतलं.

मी त्याला माफ केलं असं समजू नका. पण प्रश्न चांगला होता.

दाजींना गुडघ्याचं जल्दी बघायला सांगा. असंच लिहीत राहावं.

आपली,
तृप्ती