बाबांचं पांढरं फूल

प्रिय ताईस, धाकटीचा नमस्कार.

मी मजेत आहे, गुडघाही कुरकुरत नाही. तुझं पथ्य चालू आहे ना?

बाबांनी त्यांच्या वनस्पतींच्या वहीत नोंदवलेलं रानफूल आमच्या सर्वेक्षणात अखेर या डोंगरचढावर सापडलं. त्यांनी पांढरं लिहिलंय आणि हे तर गडद निळं! आमच्या सर्वेक्षण-गटाची तरुण प्रमुख म्हणाली, "अहो मावशी, वाळवलं की याचा रंग उडतो. वडिलांनी ताजं पाहिलंच नसणार, कुणीतरी वाळवून पाठवलं असेल."

मग याच चढावर, पांढऱ्या फुलांत बसून डबा खाल्ल्याचं ते आपल्याला का सांगायचे? अहवालात निळं लिहिलं तर बाबा खोटे ठरतात.

काल आईने फोनवर रंग विचारला. मी म्हटलं, "अजून कळ्याच आहेत गं." त्या किती दिवस मिटलेल्या ठेवू, ताई?

तुझीच,
धाकटी