बंदूक नसलेल्यांची यादी

मंगळवार, १२ मार्च

झालं! गावच्या कौन्सिलातल्या रॉयसने ठराव मांडलाच. गावातल्या प्रत्येक घरात एक तरी बंदूक आणि तिची काडतुसं असलीच पाहिजेत. पंचवीस वर्षं या कचेरीत कारकुनी करतेय. मोकाट कुत्र्यांपासून तुंबलेल्या गटारांपर्यंत सगळे ठराव टाइप केले, पण नसलेली वस्तू घरात आणायला लावणारा हा पहिलाच.

रॉयस बोलला त्यात खोटं काही नव्हतं. शेरीफची पोलीसगाडी डोंगर उतरून यायला पन्नास मिनिटं लागतात. मागच्या हिवाळ्यात पंपघर फोडणाऱ्यांनी कॉफी करून प्यायली असती तरी त्यांना वेळ उरला असता. राजधानीतले लोक बंदुका काढून घ्यायच्या गोष्टी करतात, मग आपण म्हणू, असायलाच हव्यात! टाळ्या पडल्या. मनातल्या मनात मीही वाजवल्या.

मग आयनेस बाका उठली. निवृत्त नर्स, घरात स्वतःच्या तीन रायफली, एका गोळीत एल्कसारखं थोराड हरीण पाडते. ती विरोधात! म्हणाली, "हक्क म्हणजे हवं तर घ्या, नको तर राहू द्या. बळंच गळ्यात मारलं तर तो हक्क कसला?" तेही पटलं. दोघांचंही पटतं, म्हणजे माझं नक्की म्हणणं काय?

घरी आल्यावर नवऱ्याने, वेल्डनने, विचारलं, सभेत काय झालं. नेहमीचंच, म्हटलं.

बुधवार, १३ मार्च

निदान इथे तरी खरं लिहावं. आमच्या घरात बंदूक नाही.

२ जानेवारीला सकाळी, अंड्यांची बशी पुढ्यात तशीच ठेवून वेल्डन म्हणाला, "बंदुका घरातून ने. सगळ्या. मला काही विचारू नकोस." बावीस वर्षं गावातल्या पोरांना बंदूक कशी धरायची ते शिकवणारा माणूस! खाण बंद होऊन काम सुटल्यापासून तो खुर्चीतून उठेनासा झाला होता, ते मला दिसत होतं. पण इतकं? मी विचारलं नाही. भीती वाटली, हे खरं कारण.

चार रायफली गाडीत घातल्या. त्यातली एक माझ्या वडिलांची. रॉयस शेजारीच राहतो, तीस वर्षांचा वेल्डनचा शिकारीतला जोडीदार. त्याला सांगितलं, तळघरात पाणी आलंय, गंज चढेल, तुझ्या बंदुकांच्या तिजोरीत ठेव. त्याने एका शब्दाने विचारलं नाही.

तेव्हापासून नवरा-बायकोत त्या विषयाचं नाव निघालेलं नाही.

मंगळवार, ९ एप्रिल

ठराव पास. चार विरुद्ध एक. ८ मेपासून लागू. ज्यांच्या मनाला पटत नाही, ज्यांची ऐपत नाही आणि जे आजारी आहेत, त्यांना सूट. मोडला तर दंड काय? काहीच नाही! मी रॉयसला विचारलं, मग हा कायदा कसला. तो म्हणाला, "अगं, मोडेल कोण इथे?"

मी मोडणार आहे. ठरावावर शिक्का मारणारी मीच.

गुरुवार, ११ एप्रिल

सूट मागायच्या अर्जाचा नमुना मीच तयार केला. नाव, पत्ता, कारण, सही. पन्नास प्रती छापून झाल्या आणि मग डोक्यात उजेड पडला. कचेरीतला कागद सगळ्यांचा. जो मागेल त्याला दाखवावा लागतो. म्हणजे चोरांना धाक बसावा म्हणून कायदा केला आणि त्याच कायद्याने बंदूक नसलेल्या घरांची यादी तयार, पत्त्यांसकट!

रॉयसला फोन केला. म्हणाला, अर्ज करायला कोणी येणारच नाही बघ.

एक कोरा अर्ज पर्समध्ये टाकून घरी आणलाय.

शनिवार, २० एप्रिल

अर्ज भरला. कारण: आजार. मग फाडला. पोस्टातली बाई तो दुपारपर्यंत वाचेल आणि संध्याकाळपर्यंत गाव विचारेल, कसला आजार? ज्यांना वेल्डनने शिकवलं ती पोरं आता बापे झालीत. ती त्याच्याकडे कशी बघतील?

आणि दुसरी गंमत. मला माझ्या वडिलांच्या रायफलीची आठवण येते. बाराव्या वर्षी तिनेच मी पहिलं हरीण मारलं. ऑक्टोबरात पहाटे रानात तिचं वजन खांद्यावर असावंसं वाटतं. मला बंदूक हवी आहे. मला बंदूक घरात नको आहे. असा रकाना कुठल्याच अर्जात नाही.

सोमवार, २९ एप्रिल

सहा अर्ज आले. आमचा त्यात नाही.

बुधवार, ८ मे

साडेचार वाजलेत. हातांना काही काम हवं म्हणून लिहितेय.

दुपारी जेवायला घरी येत होते, तर शेजारी रॉयसची गाडी त्याच्या फाटकात शिरत होती. काच खाली करून हसला. म्हणाला, "तुझ्या नवऱ्याला मघाशीच कायद्यात बसवून आलो, चारही रायफली परत दिल्या. तळघर वाळलं असेलच एव्हाना. काडतुसंही दिलीत हं, नाहीतर त्या नुसत्या काठ्याच." तो मित्राचं काम करून आलेला! मी खोटं बोलले म्हणून, आणि अर्ज भरला नाही म्हणून.

आत धावले. खुर्ची रिकामी. चार महिने न हललेली पिकअप जागेवर नाही. बंदुकाही नाहीत.

परत रॉयसकडे धावले आणि सांगितलं, "तळघरात पाणी कधीच नव्हतं, रॉयस." तेव्हा त्याला कळलं. म्हणाला, मला सांगायचं होतंस. हो, सांगायचं होतं.

आम्ही खडीच्या खाणीत जाऊन पाहिलं, जिथे वेल्डन पोरांना नेम शिकवायचा. नदीवर पाहिलं. आता रॉयस जुन्या खाणीच्या रस्त्याला गेलाय, शेरीफला फोन झालाय. पन्नास मिनिटं.

पाच वाजले.

सव्वापाच. आला!! पिकअप रिकामी. मी त्याला दारातच धरलं, सोडेना. तो म्हणाला, "आयनेसकडे ठेवून आलो. रॉयसकडे ठेवल्या की तो परत आणून देतो." आयनेसने त्याला दुपारभर बसवून घेतलं, सूप पाजलं. मी हसले की रडले, कोण जाणे. मग चार महिन्यांत पहिल्यांदा विचारलं, आणि त्याने सांगितलं. ते इथे लिहीत नाही.

गुरुवार, ९ मे

सकाळी कचेरी उघडल्याबरोबर वेल्डन आला. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. खिडकीपाशी रांगेत उभा राहिला, दोघांच्या मागे. अर्ज मागितला, तिथेच उभ्याने भरला. कोणीही वाचू शकतं, हे त्याला सांगितलं. माहीत आहे, म्हणाला.

अर्ज सातवा. कारण: ‘मीच बायकोला बंदुका न्यायला सांगितल्या. मला जगायचं आहे.’ खाली सही, पूर्ण नावाची.

शिक्का मारला. थोडा तिरका बसला.