जावयासाठी दोन समीकरणं

३ जून, मंगळवार

दुकान उघडतो तोच कंत्राटदार हजर. तीस लिटर निळा रंग हवा, रंगद्रव्य बरोबर वीस टक्के. माझ्याकडे एक पिंप दहा टक्क्यांचं, एक चाळीसचं. "घाला हो अंदाजानं," म्हणे. अंदाजानं मीठ घालतात. डब्याच्या झाकणावर खडूनं मांडलं — क्ष अधिक य बरोबर तीस. क्षचे दहा टक्के अधिक यचे चाळीस टक्के बरोबर सहा. फिकट वीस लिटर, गडद दहा. तो बघतच राहिला.

मला हे कुणी शिकवलं नाही. लेक शाळेत होती तेव्हा तिची पुस्तकं ती झोपली की वाचायचो. शाब्दिक उदाहरणात मला आजवर कुणी अडवलेलं नाही. नोंद असावी.

रविवारी लेकीसाठी एक इंजिनिअर मुलगा येतोय. दुकान पुढं जावयाच्याच हाती जायचं, तेव्हा परीक्षा मी घेणार. ज्याला दोन अज्ञातं सुटत नाहीत, त्याच्या हाती माझी पिंपं नाहीत.

५ जून

परीक्षेचं उदाहरण तयार केलं. बाप आणि लेक यांच्या वयांची बेरीज बहात्तर, बापाचं वय लेकीच्या दुप्पट, तर वयं काढा.

लेकीला दाखवलं. म्हणाली, "बाबा, हे शेंबडं पोरसुद्धा तोंडी सांगेल. ते दुप्पट काढा. त्या जागी — चार वर्षांनी बेरीज ऐंशी होईल, असं घाला."

वा. भविष्यकाळ आला की उदाहरणाला वजन येतं. ताळा करून पाहिला. मी अठ्ठेचाळीस, ती चोवीस — बहात्तर. चार वर्षांनी बावन्न आणि अठ्ठावीस — ऐंशी. चोख. ताळा जुळला की उदाहरण पक्कं, हा माझा नियम.

८ जून, रविवार

इंजिनिअरनं कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या. शेवटी म्हणतो, "काका, माहिती अपुरी आहे."

म्हटलं, "माहिती पुरेशी आहे. अभ्यास अपुरा आहे."

बायकोनं डोळे वटारले. लेक उठून आत गेली, खांदे हलत होते. रडली असावी बिचारी. पण नियम म्हणजे नियम.

१५ जून, रविवार

आज दुसरा मुलगा. लेकीच्या मैत्रिणीनं सुचवलेला. लिफ्ट दुरुस्त करतो. मला फारशी आशा नव्हती.

उदाहरण वाचलं. कागदाला हातही लावला नाही. चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, "अठ्ठेचाळीस आणि चोवीस."

तोंडी! दोन अज्ञातं, तोंडी!

होकार माझ्या जिभेवर आला होता. बायको म्हणाली, "अहो, जरा दमानं." आठवडाभरात कळवतो म्हणालो, पण मनानं ठरलंच.

१६ जून

दुकानात आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. नुसता ब्रश बदलून घ्यायला आलेल्यालाही.

१८ जून

मेहुणा आला. माझी चेष्टा केल्याशिवाय त्याला अन्न पचत नाही. मीच कौतुकानं उदाहरण सांगितलं. कागदावर काही खरडलं आणि विचारतो, "भावोजी, पन्नास आणि बावीस चालेल का?"

करून पाहिलं. चाललं.

"साठ आणि बारा?"

"साठीच्या बापाला बारा वर्षांची लेक?"

"झाली असेल उशिरा. तुम्ही ताळा बघा की."

तोही जुळला. काहीही घाला, जुळतंच. चार वर्षांत दोघंही चार-चारनं वाढणार, म्हणजे बेरीज आठनं वाढणारच. दुसऱ्या वाक्यात नवीन काही नाहीच. दोन समीकरणं कसली — एकाच माणसाला दोनदा टोपी बदलून उभं केलंय. म्हणजे इंजिनिअर बरोबर होता.

मग लिफ्टवाल्याला उत्तर आलं कुठून?

मेहुणा जाताना म्हणाला, "गुरुजी, परीक्षा नक्की कुणी कुणाची घेतली?" जेवण गेलं नाही.

१९ जून

लेकीला समोर बसवलं. "ते दुप्पट मुद्दाम काढायला लावलंस?"

"हो."

"ओळख कधीपासूनची?"

"ऑफिसात लिफ्टमध्ये अडकले होते, त्यानं बाहेर काढलं. तेव्हापासूनची." मग म्हणाली, "बाबा, मला असं उदाहरण हवं होतं जे कितीही शिकलेल्याला सुटणार नाही. आपली वयं माहीत असलेल्यालाच सुटेल."

"सरळ सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही त्याला खरं उदाहरण घातलं असतं. तो नापास झाला असता. तुम्ही नाही म्हणाला असता. दुसऱ्या कुणाशी मी लग्न करणार नाही, पण तुम्हाला दुखवूनही करणार नाही. आता तुम्ही ठरवा."

एरवी चुरुचुरु बोलणारी. आज एकेक शब्द मोजून बोलली. मी उठून दुकानात गेलो.

२१ जून, शनिवार

त्याला दुकानात एकट्याला बोलावलं. कंत्राटदाराचं तीस लिटरचं उदाहरण घातलं. पुष्कळ वेळ डोकं खाजवून म्हणाला, "पंधरा-पंधरा करू या, काका. दोन्ही पिंपांवर अन्याय नको."

ढ. शंभर टक्के ढ.

पण पुढं आपणहून म्हणाला, "मला गणित येत नाही. त्या दिवशी तिनं पढवून पाठवलं होतं. तेव्हापासून मला चैन नाही." आणि बोलता बोलता माझं रंग ढवळायचं यंत्र कान लावून ऐकलं, उघडलं, बसवलं. महिनाभर खरखरत होतं. आता मांजरासारखं घुरघुरतंय.

रात्री बायकोला विचारलं, "तुला हे सगळं माहीत होतं?" ती कूस बदलून झोपली. म्हणजे माहीत होतं.

२२ जून, रविवार

लेकीला म्हटलं, "त्या मुलाच्या हाती मी दुकान देणार नाही." तिचा चेहरा उतरला. "म्हणजे नकार?" "नाही. लग्न त्याच्याशी कर. दुकान तू घे." तिनं तिथंच हात पुढं केला, "किल्ल्या द्या."