रेमिजोचा ओथो

३ नोव्हेंबर, सोमवार

रेमिजोला घरी आणलं. इस्पितळात ठेवून आता उपयोग नाही म्हणाले. त्याची मुलगी ओर्नेल्ला फोनवर रडत होती, आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? ओथो. ते नाणं त्याने कुठे ठेवलं असेल.

फोन ठेवला तर पाल्मिरा भांडी विसळता विसळता म्हणाली, "फेर्मो, मित्र मरतोय त्याचं दुःख आहे, की त्या टोपवाल्याची काळजी?" माझ्या बायकोला पन्नास वर्षांत रोमचा एवढाच इतिहास समजला – ओथो बादशहा टकला होता आणि खोटे केस लावायचा.

६ नोव्हेंबर

छातीत धडधड. गोळी घेतली की नाही तेही आठवत नाही. पाल्मिरा म्हणते घेतली.

रोमची चांदी जमवणारा प्रत्येक जण बारा सीझरांपासून, म्हणजे रोमच्या पहिल्या बारा राज्यकर्त्यांपासून सुरुवात करतो. प्रत्येकाचं एक चांदीचं नाणं, बारा खाचांचा एक ट्रे. माझे अकरा आहेत. रेमिजोचेही अकरा. त्याच्याकडे कलिगुला नाही, माझ्याकडे ओथो नाही. ओथोचं राज्य तीन महिन्यांचं. तेवढ्यात अशी किती नाणी पाडणार माणूस? त्याची फौज हरली तीही आमच्या इथेच, क्रेमोनाजवळ, जिथे आता मका उभा असतो. आणखी फौज शिल्लक होती तरी त्याने स्वतःला खंजीर मारून घेतला. म्हणे माझ्यापायी आणखी माणसं मरायला नकोत. नाण्याच्या मागच्या बाजूला मात्र सुरक्षेची देवी! मी पाचवीपर्यंत शिकलो, पुढे जन्मभर चीजच्या कारखान्यात चीजची चाकाएवढी ढेपं उलटली. हे सगळं मला नाण्यांनीच शिकवलं.

आमचा करार बारमध्ये झाला, नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळातल्या सगळ्यांसमोर. रेमिजो आधी गेला तर ओथो माझा, मी आधी गेलो तर कलिगुला त्याचा. कागद काही नाही. तोंडचा शब्द. आणि त्याला आता फार बोलवत नाही म्हणे.

९ नोव्हेंबर, रविवार

चर्चमधून निघून नेहमीसारखा रेमिजोकडे. नाकात नळी. मला बघून म्हणाला, "या, गिधाड आलं."

"कसा आहेस?"

"ओथोपेक्षा बरा टिकलो. त्याला तीन महिने मिळाले, मला ब्याऐंशी वर्षं."

बघू दे म्हटलं, तर "कपाटात आहे, आज नको." एरवीही काय दाखवतो? गेली वीस वर्षं काचेच्या डबीतून. हाताचा घाम लागतो म्हणे. कंजूस! मी काय चाटणार होतो त्याला?

११ नोव्हेंबर, मंगळवार

धुकं. समोरचं फाटक दिसत नाही.

पाल्मिरा पावाच्या दुकानातून बातमी घेऊन आली – प्रोफेसर बेर्तोलोत्ती आज रेमिजोकडे तासभर बसले होते, दार लावून. हे आमच्या मंडळाचे अध्यक्ष, शाळेत लॅटिन शिकवायचे. ह्यांच्याकडे बाराच्या बारा आहेत. मग ह्यांना काय हवं? कळलं मला. गावच्या संग्रहालयासाठी मागत असणार. काचेच्या कपाटात ओथो, खाली पितळी पाटी, पाटीवर रेमिजोचं नाव. आणि मी तिकीट काढून बघायला जायचं.

जेवलो नाही. पाल्मिरा म्हणाली, "बदक आहे, वाया घालवू नकोस." मग थोडं खाल्लं.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज त्याला कराराची आठवण दिली. किती दिवस घशात अडकलं होतं. त्याने डोळे मिटून घेतले. झोपला की सोंग घेतलं, देव जाणे. ओर्नेल्ला दारात उभी होती. म्हणाली, "काका, तुम्ही बाबांना भेटायला येता की..." पुढचं बोलली नाही. कॉफीही विचारली नाही.

तिला काय माहीत वेरोनाचं? तिचा तेव्हा जन्म नव्हता.

आम्हा नाणी जमवणाऱ्यांत नाणं हातातून हातात देत नाहीत. एकाने मखमलीवर ठेवायचं, मग दुसऱ्याने उचलायचं. आणि नाणं एकाच्या हातात असेपर्यंत दुसऱ्याने ते मागायचं नाही, भावसुद्धा विचारायचा नाही. वेरोनाच्या नाणेबाजारात ओथो आधी माझ्या हातात होता. ह्या बोटांत! नीट बघावं म्हणून चष्मा पुसायला घेतला, तेवढ्यासाठी तो मखमलीवर ठेवला. रेमिजोने उचलला. मी म्हटलं, अरे, तो मी बघत होतो. म्हणाला, "ठेवलास म्हणजे सोडलास," आणि दुकानदाराला पैसे मोजले. त्याचं काही चुकलं नव्हतं. तेच तर चाळीस वर्षं जाळतंय.

२३ नोव्हेंबर, रविवार

खिशात माझा कलिगुला घेऊन गेलो. का नेला? त्याला लाज वाटावी म्हणून. त्याच्या पांघरुणावर टॉवेल होता, त्यावर ठेवला. त्याने उचलला, भिंग मागून घेतलं. ही बाजू बघ, ती बाजू बघ, मग कड फिरवून फिरवून बघत बसला. मी घामाघूम. माझंच नाणं, पण त्याच्या हातात असताना मला मागता येईना. त्याला ते कळत होतं, नळीखालून हसत होता हरामखोर.

शेवटी टॉवेलवर ठेवला. म्हणाला, "उचल. खरा आहे."

जशी काही मला शंका होती.

२५ नोव्हेंबर

रेमिजो गेला. सकाळी.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

शवपेटी दिवाणखान्यात ठेवली होती. मंडळातले सगळे आले होते, कोट घालून. मी जवळ गेलो. डाव्या हाताला जपमाळ गुंडाळलेली. उजवी मूठ मिटलेली, आणि अंगठ्याच्या खालून चांदीची कड दिसत होती.

मी पेटीचा काठ धरला. ओर्नेल्लाने खुर्ची दिली. कानात म्हणाली, "बाबांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं. मुठीतच ठेवायचं म्हणाले. पण काका, तुमचा करार मला ठाऊक आहे. तुम्ही म्हणालात तर मी बोटं सोडवते. झाकणाला स्क्रू लागले की मग नाही."

सगळे माझ्याकडे बघत होते. बेर्तोलोत्तीही. नाणं रेमिजोच्या हातात होतं. मेलेला असला म्हणून काय झालं, हात त्याचाच होता. मरता मरता आमचाच नियम माझ्यावर उलटवला त्याने!

"नको," म्हणालो.

स्क्रू फिरवायला आलेला माणूस काम करता करता कसलंसं गाणं गुणगुणत होता.

२९ नोव्हेंबर

पाल्मिरा: "मग मागायचं होतंस. तोंड शिवलं होतं का?"

तिला सांगण्यात अर्थ नाही. दोन रात्री झोप नाही. चिखलात कुजणार ते. त्याने ओथोला दुसऱ्यांदा मारलं.

२ डिसेंबर

संध्याकाळी बारमध्ये दोन ग्लास जास्त झाले. सगळ्यांसमोर बोललो – रेमिजो चोर होता, वेरोनातही चोर आणि पेटीतही चोर. शब्द मोडणारा माणूस. पत्ते खेळणाऱ्यांनी पत्ते खाली ठेवले. बेर्तोलोत्ती टोपी घालून निघून गेले. जाऊ देत. खरं बोलायला मी कुणाच्या बापाला भीत नाही.

६ डिसेंबर, शनिवार

बेर्तोलोत्ती घरी आले. कोट काढला नाही, बसले नाहीत. म्हणाले, "रेमिजोने मला शपथ घातली होती. पण तुम्ही परवा बोललात ते मला ऐकवत नाही, म्हणून ती मोडतो. ते नाणं ओतीव होतं. खोटं. वीस वर्षांपूर्वी त्याने माझ्याकडे आणलं तेव्हा मीच त्याला कडेवरचा साच्याचा जोड दाखवला."

मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलं? पुरलं कशाला?

म्हणाले, "मीही तेच विचारलं होतं त्याला. म्हणाला, फेर्मो दर रविवारी ओथोसाठी येतो. खोटा आहे म्हणून कळलं तर कशाला येईल?"

उद्या रविवार.