पोकळ वाजलेली भिंत

दादा,

नमस्कार फोनवर झालाच आहे, म्हणून थेट भिंतीवर येते.

आठवतं ना, स्वयंपाकघराच्या भिंतीवर मला टिचक्या मारायला लावून तू फोनवरून ऐकत होतास? "पोकळ वाजतेय. नुसता आडोसा आहे, खुशाल पाड," म्हणालास. तीस वर्षं घरं बांधलीस तू, मग शंका कशाला घ्यायची? ह्यांनी घणसुद्धा आणून ठेवला. पण इथे परदेशात नगरपालिकेच्या परवानगीशिवाय खिळाही उपटता येत नाही. तीन महिने आम्ही त्या कचेरीच्या नावाने बोटं मोडली. तिकडून तूही मोडलीस.

आज तिथल्या तपासनीस बाई आल्या. त्यांनी भिंतीला वीतभर भोक पाडलं आणि मला आत बघायला सांगितलं. आत मांडीएवढा जाड लाकडी खांब होता. वरच्या मजल्याचा सगळा भार त्याच्यावर, आणि बरोबर त्याच्या वर मुलींचा पलंग.

"कुठे घाव तर नाही ना घातलात?" त्यांनी विचारलं.

"नाही, तुमच्या कागदाची वाट बघत होतो," मी म्हणाले आणि तिथेच फरशीवर बसले. माझ्याच घरात त्यांनी मला पाणी आणून दिलं.

हे पत्र मी टाकणार नाही. तू जन्मभर विटांची घरं बांधलीस, इथल्यासारखं लाकडाचं कधी उघडून पाहिलं नाहीस, त्यात भार पेलणारी भिंतही पोकळच वाजते, एवढंच झालं. पण हे कळलं तर तू पुन्हा कुणाला सल्ला देणार नाहीस, आणि ते मला चालणार नाही.

पुढच्या महिन्यात आलास की भिंत बघून विचारशीलच. मी म्हणेन, "परवानगीच दिली नाही मेल्यांनी." मग दोघं मिळून त्यांना शिव्या घालू.

तुझी धाकटी