भंडाऱ्याचा डबा

थाटीपुर, ग्वाल्हेर
२१ जानेवारी २००१

प्रिय मल्हारराव,

सप्रेम नमस्कार. रायपुरात क्वार्टर मिळालं का? इकडे थंडीने हाडं गोठलीत. राज्याची वाटणी झाली, तुमचं नाव छत्तीसगडच्या यादीत लागलं, मागोमाग तुमच्या आईसाहेबही गेल्या, तेव्हापासून शेजारच्या दाराला कुलूप आहे. आमची ही रोज तिकडे बघते आणि माझ्याकडे बघायचं टाळते.

आमची प्रयोगशाळा भोपाळात विलीन होणार होती, ते टळलं. अभिनंदनाची पत्रं येताहेत. तुमचं येणार नाही, हे जाणतो.

तुम्ही निलंबित झाल्याचं कळलं. आईसाहेबांच्या डब्यावर आमचं यंत्र वाजलं, एवढंच तुम्हाला माहीत असेल. पुढचं मी सांगतो.

चुंबकीय अनुनादाने अमली पदार्थ ओळखायचे, तर संकेत फार क्षीण असतो. मी यंत्राची संवेदनशीलता तिपटीने वाढवली. पण मग निकेलचा मुलामा दिलेला डबाही खोटा संकेत देतो. म्हणून प्रत्येक सामानाची दुसरी फेरी घ्यायची. तीत खोटा संकेत गळतो. त्या दिवशी स्टेशनवर यंत्राची चाचणी होती आणि विलीनीकरण ठरवणारी समिती घड्याळ लावून उभी होती. वेळ वाचवायला मी दुसरी फेरी बंद ठेवली.

आईसाहेब देव घेऊन तुमच्याकडे निघाल्या होत्या.

"अम्मा, डिब्बा खोलो," शिपाई म्हणाला.

"आधी जूते उतार, बाबा. आत खंडोबाचे टाक आहेत."

त्याने बूट न काढताच टाक फरशीवर मांडले आणि भंडाऱ्याची पुडी सील केली. पिवळी पूड, संशयित. मग आईसाहेबांनी मला पाहिलं.

"श्रीपाद, तू सांग ना यांना, ये हल्दी है!"

मी आकडे उतरवत राहिलो. चौदा वर्षं त्यांच्या हातची पुरणपोळी खाल्ली, मल्हारराव. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा म्हणतात, तो मी. समितीने टाळ्या वाजवल्या. 'यंत्राने पूड पकडली' असं लिहून मी अहवालावर सही केली. डबा तुमच्या घरी निघालेला, म्हणून संशय तुमच्यावर आला; पुडी अजून तपासणीच्या रांगेत पडून आहे, आणि तुमची नोकरी तिच्याबरोबर.

सोबत माझा कबुलीजबाब आहे. साहेबांपुढे ठेवायला तीनदा गेलो, तीनदा तसाच परतलो. भितो मी. तुम्ही तो चौकशीत द्या. मी स्वतः दिला नाही, हेही तिथे सांगा.

आईसाहेबांना माझा नमस्कार कळवू नका.

'आपला' असं लिहवत नाही.

श्रीपाद