सुग्रीवला जामीनदार

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
सुग्रीवला उचललं! केंद्रावर लसीकरण चालू होतं, तेवढ्यात भावजयीचा फोन — "ताई, ह्यांना जीएसटीवाले संभाजीनगरला घेऊन गेले." मला वाटलं पोलीस. तर नाही, जीएसटीचेच साहेब! ते नोटीस पाठवतात, दंड घेतात, एवढंच मला ठाऊक. माणूस आत टाकतात? माझ्या धाकट्या भावाचा परळीत भंगाराचा धंदा. त्यात असं आहे तरी काय?

५ नोव्हेंबर
वकिलांनी समजावलं. माल कुठे गेलाच नाही, नुसती बिलं फाडली, आणि त्या बिलांवर घेणाऱ्यांनी सरकारकडून कराची सूट लाटली. साडेसहा कोटी! "पाच कोटींच्या वर गेलं की जामीन सहजासहजी मिळत नाही."
मी तीनदा विचारलं — माल नाही, तर बिल कशाचं? तीनदा तेच सांगितलं त्यांनी. डोक्यात काही शिरलं नाही. सुग्रीवच्या घराला मागच्या बाजूनं अजून प्लॅस्टर नाही. मग साडेसहा कोटी गेले कुठे?

१८ नोव्हेंबर
जेलमध्ये भेटले. दाढी वाढलीय, डोळे खोल गेलेत.
"ताई, मला खरंच काय माहीत न्हाई. अजिनाथशेठ कागद पाठवायचे, मी सह्या करायचो. वाचलंच न्हाई." अजिनाथ म्हणजे त्याचा भागीदार. तो पसार.
मी चिडले. "न वाचता सह्या करायला तू काय कुक्कुलं बाळ हाइस का?" तो रडायला लागला. मग मीही. येताना बसमध्ये बसले तेव्हा वाटलं, खरं बोलतोय. गेवराई येईपर्यंत वाटायला लागलं, मला गंडवतोय! बीडला उतरले तेव्हा काहीच वाटत नव्हतं. नुसतं डोकं दुखत होतं.

२४ नोव्हेंबर
जामीन फेटाळला.

१२ डिसेंबर, शुक्रवार
मिळाला! सेशन कोर्टानं दिला. मी खुळी, केंद्रावर पेढे वाटून मोकळी झाले — आणि मग वकिलांनी सांगितलं, अजून सुटका नाही. जामीनदार पाहिजे. स्वतःच्या नावावर जमीन असलेला, तहसीलचा ऐपतीचा दाखला आणणारा. तो मिळेपर्यंत सुग्रीव आतच.
भावजयीच्या वडिलांना विचारलं. "पोरीला अन् नातीला सांभाळतो. सातबारा तेवढा मागू नका, बाई." गहिनीनाथकाका तर फोनच उचलत नाहीत. एरवी सुग्रीवच्या गाडीतून फिरायला लई पुढे!

१४ डिसेंबर
जेवताना यांना सांगून टाकलं — मीच राहते जामीन. सिरसाळ्याची साडेचार एकर, अण्णा गेल्यावर आम्हा दोघा भावंडांच्या नावावर आहे.
यांनी घास खाली ठेवला. "अन् पळाला तर? बरं, तूच सांग, त्यानं केलं का न्हाई?"
रोज वेगळं वाटतं. पण एक मात्र आहे. आमच्या केंद्रावरच्या सगळ्या बायकांची नावं भावांनी साडीचोळी देऊन जमिनीवरून काढली. हक्कसोड म्हणतात. सुग्रीवनं माझ्याकडे कधी एका शब्दानं मागितली नाही. एवढ्यासाठी मी त्याला जामीन राहीन. केलं असलं तरी राहीन!

१६ डिसेंबर, मंगळवार
तलाठ्याकडे गेलते. सातबाऱ्यावर एकच नाव — सुग्रीव. मी म्हटलं, कॉम्प्युटरची चूक असेल. त्यानं फेरफाराची फाइल काढून पुढे ठेवली. हक्कसोडपत्र. माझा फोटो, माझा अंगठा, माझी सही.
अण्णांचं वर्षश्राद्ध झाल्यावर "वारस नोंदीला चल, ताई" म्हणून परळीला रजिस्ट्रीत नेलं होतं त्यानं. येताना भारीतली साडी घेऊन दिली. मी एक अक्षर वाचलं नव्हतं.
तलाठी म्हणाला, "ज्याच्यावर केस, त्याला सवताला जामीन ऱ्हाता येत न्हाई, बाई."
माझं नाव राहू दिलं असतं, तर उद्या सुटला असता.